डनफर्मलिनचा शाळामास्तर रॉबर्ट हेन्रिसन: जीवन आणि काव्य

पंधराव्या शतकातला स्कॉटिश कवी रॉबर्ट हेन्रिसन नेमका कोण होता, त्याला चॉसर या चौदाव्या शतकातल्या इंग्रजी कवीचा अनुयायी म्हणणे कितपत योग्य आहे आणि इसापाच्या गोष्टी पुन्हा सांगणाऱ्या माणसाची गणना थोर कवींमध्ये का होते, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत. जुने इंग्रजी आणि स्कॉट्स (स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतले) काव्य अनेक वर्षे पदव्युत्तर वर्गांना शिकवताना हे प्रश्न दरवर्षी माझ्यासमोर येत राहिले. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी मिळतात असे माझे मत झाले आहे. हेन्रिसन कायदा शिकलेला आणि मुलांना शिकवणारा माणूस होता. त्याच्या काव्यात सारखे खटले चालतात आणि निवाडे होतात, आणि निकाल ज्याच्या विरुद्ध जातो त्याच्याजवळ कवी जाऊन उभा राहतो. निवाडा आणि कळवळा यांतली ही ओढाताण लक्षात घेतली, की त्याच्या बोधकथा आणि त्याचे सर्वांत प्रसिद्ध दीर्घकाव्य एकाच मनातून आलेले दिसते.

त्याच्या चरित्राची साधने थोडी आहेत, पण जी आहेत ती बोलकी आहेत. ग्लासगो विद्यापीठाची स्थापना १४५१ साली झाली. त्या विद्यापीठाच्या नोंदवहीत १० सप्टेंबर १४६२ या तारखेला मास्टर रॉबर्ट हेन्रिसन नावाच्या गृहस्थाची नोंद आहे. त्याला तिथे ‘आदरणीय’ म्हटले असून कला शाखेची पदवी आणि चर्चच्या कायद्याची पदवी या दोन्ही त्याच्याकडे आधीपासून होत्या, असे त्या नोंदीवरून दिसते. म्हणजे तो तिथे नवखा विद्यार्थी म्हणून आलेला नव्हता. पुढे १४७८ च्या सुमारास डनफर्मलिनच्या मठाच्या जमिनींच्या दस्तांवर याच नावाच्या नोटरीची साक्ष आढळते. सोळाव्या शतकातल्या छापील पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर त्याला ‘डनफर्मलिनचा शाळामास्तर’ म्हटले आहे. त्याच्या मृत्यूची बातमी आपल्याला कवितेतूनच कळते. विल्यम डनबार या त्याच्यापेक्षा धाकट्या स्कॉटिश कवीने दिवंगत कवींचा शोक करणारी एक कविता लिहिली, आणि ती १५०८ च्या सुमारास छापली गेली. ‘मृत्यूने डनफर्मलिनमध्ये मास्टर रॉबर्ट हेन्रिसनच्या कानात कुजबुज केली,’ असे त्या कवितेत म्हटले आहे. हेन्रिसन तोवर वारला होता, एवढे यावरून निश्चित होते.

डनफर्मलिन हे फाइफ प्रांतातले, फोर्थ नदीच्या खाडीच्या उत्तरेचे शहर आहे. आज ते लहान वाटेल, पण त्या काळी त्याचे महत्त्व मोठे होते. तिथल्या बेनेडिक्टाइन मठात स्कॉटलंडची राणी संत मार्गारेट हिचे समाधिस्थान होते, आणि स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस याला तिथेच पुरले होते. मठाच्या मालकीच्या जमिनी, त्यांवर राबणारी कुळे, बाजाराचे हक्क असलेली नगरवस्ती, व्यापारी संघ आणि न्यायनिवाडे हे सगळे हेन्रिसनच्या रोजच्या नजरेसमोर होते. राजगादीवर तिसरा जेम्स होता. त्याचे आपल्या सरदारांशी पटत नव्हते. १४८२ साली लॉडर येथे सरदारांनी त्याला धरले आणि १४८८ साली सॉकीबर्नच्या लढाईत त्याचा अंत झाला. दुबळी राजसत्ता आणि मुजोर बडे लोक यांच्यामध्ये सामान्य माणसाचे काय होते, हे हेन्रिसनने दरबारातून पाहिले नाही, तर एका मठाच्या गावातून पाहिले. डनबार राजाच्या पदरी होता आणि त्याच्या कवितेत दरबाराचा झगमगाट व हेवेदावे दोन्ही आहेत. हेन्रिसनच्या कवितेत शेत, कोठार, वाट आणि न्यायालय आहे.

त्याची मुख्य रचना म्हणजे ‘मॉरल फेबिल्स’ हा तेरा बोधकथांचा संग्रह. मराठी वाचकाला इसापनीती बालपणापासून परिचयाची असते. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती मराठीत आणली, तेव्हापासून ती आपल्याकडे मुलांच्या वाचनातच राहिली. त्यामुळे हेन्रिसनचे पुस्तक उघडताना आपली अपेक्षा चुकीची ठरते. मध्ययुगीन युरोपात इसापाच्या गोष्टी लॅटिन शिकवण्याच्या पाठ्यपुस्तकात होत्या. शाळामास्तराला त्या तोंडपाठ असत. पण वीस-तीस ओळींची ती लॅटिन गोष्ट हेन्रिसनच्या हाती दीडशे, दोनशे, कधी तीनशे ओळींची होते. त्याचे कडवे सात ओळींचे आहे. चॉसरने गंभीर काव्यासाठी वापरलेला, ‘राइम रॉयल’ म्हणून ओळखला जाणारा हा बंध प्राण्यांच्या गोष्टीसाठी वापरणे हेच मुळात धाडसाचे होते. प्रस्तावनेत तो नम्रपणे म्हणतो, की आपल्याला अलंकारशास्त्र कळत नाही आणि आपली भाषा घरगुती व ओबडधोबड आहे. हा विनय त्या काळच्या रीतीप्रमाणे आहे, परंतु ‘घरगुती भाषा’ हा दावा मात्र खराच आहे.

ती भाषा काय करते ते दोन उंदरिणींच्या गोष्टीत पाहावे. गोष्ट आपल्याला ठाऊकच आहे: शहरातली उंदरीण आणि रानातली उंदरीण. हेन्रिसनने त्या दोघींना सख्ख्या बहिणी केले आहे. थोरली नगरात राहते, व्यापारी संघाची सभासद आहे, जकातमाफीचा हक्क तिला मिळालेला आहे, आणि धान्याच्या पेट्यांत हवे तिथे फिरण्याची तिला मोकळीक आहे. स्कॉटिश नगरातल्या सुस्थित नागरिकाचे सगळे कायदेशीर हक्क त्याने एका उंदरिणीच्या नावावर लावून दिले आहेत. तिला धाकटीची आठवण येते तेव्हा ती अनवाणी, हातात काठी घेऊन, गरीब यात्रेकरूसारखी एकटी निघते. भेट होताच दोघींना हसू येते, रडूही येते, आणि त्या एकमेकींचे मुके घेतात. धाकटी वाटाणे आणि साधी कवचफळे पुढे ठेवते आणि थोरली नाक मुरडते. मग शहरात मेजवानी होते. देवाचे नाव घेण्याऐवजी त्या नाताळच्या सणाचा जयघोष करतात. तोच कोठीवाला किल्ल्या घेऊन येतो. त्यातून धाकटी कशीबशी सावरते, तर मागोमाग मांजर येते. मांजर तिला या पंजातून त्या पंजात उडवते, क्षणभर गवताखाली लपू देते, पुन्हा धरते, डोळे मिटल्याचे सोंग करून लपाछपी खेळते. शेवटी ती पडदा आणि भिंत यांच्या फटीत शिरते, नखांनी वर चढते आणि मांजर जाईपर्यंत तिथे लटकून राहते. मूळ गोष्टीत या साऱ्याला एखादे वाक्य मिळते. हेन्रिसनने त्या लहान जिवाची धडधड वाचकाच्या छातीत उतरवली आहे. त्यानंतर येणारा ‘थोडक्यात समाधान’ हा बोध सुखाच्या मीठभाकरीइतका साधा आहे. परंतु तो ज्या भीतीतून आला ती आपण अनुभवलेली असल्यामुळे तो पोकळ वाटत नाही.

कायद्याचे शिक्षण सर्वांत स्पष्ट दिसते ते मेंढी आणि कुत्रा यांच्या गोष्टीत. माझ्या मते संग्रहातली ही सर्वांत कठोर कविता आहे, म्हणून तिच्याजवळ थोडे थांबतो. कुत्रा मेंढीवर दावा लावतो, की तिने त्याच्याकडून घेतलेला पाव परत केला नाही. खटला चर्चच्या न्यायालयात चालतो. लांडगा न्यायाधीश आहे, डोमकावळा समन्स बजावणारा, कोल्हा लेखनिक आणि नोटरी, घार आणि गिधाड कुत्र्याचे वकील. न्यायालय भरते ते सांजतारा दिसू लागल्यावर. मेंढी एकटी उभी राहते. तिला वकील नाही, तरी ती नेमका मुद्दा मांडते: हा न्यायाधीश माझा जन्माचा वैरी आहे, ही वेळ न्यायालयाची नाही, ही जागा योग्य नाही, म्हणून न्यायाधीश, वेळ आणि जागा या तिन्हींना माझी हरकत आहे. चर्चच्या कायद्यात अशी हरकत घेता येत असे. म्हणून लांडगा ती फेटाळत नाही, तो कायद्याप्रमाणेच दोन लवाद नेमायला सांगतो. ते होतात अस्वल आणि बिज्जू. ते मोठमोठे ग्रंथ उलगडतात, भाष्ये चाळतात, उलटसुलट बाजू तपासतात आणि सगळे नियम पाळून मेंढीच्या विरुद्ध निर्णय देतात. या कवितेतली भीषणता इथेच आहे. कायदा मोडून अन्याय झालेला नाही. प्रत्येक पायरी रीतसर पार पडली आहे आणि त्या प्रत्येक पायरीवर लांडग्याचा माणूस बसलेला आहे. ज्याने स्वतः दस्तांवर नोटरी म्हणून सह्या केल्या त्या माणसाने कोल्ह्याच्या हाती नोटरीची लेखणी द्यावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

मेंढी दंड भरण्यासाठी पाठीवरची लोकर विकते आणि उघडी पडून रानात जाते. मग बोध सुरू होतो. मेंढी म्हणजे गरीब रयत. लांडगा म्हणजे राजाकडून दंडवसुलीचा अधिकार विकत घेणारा अधिकारी. डोमकावळा म्हणजे आरोपींची यादी घेऊन फिरणारा अंमलदार, जो दोन्ही बाजूंकडून लाच खाऊन जॉनचे नाव खरवडतो आणि त्या जागी विल किंवा वॅट लिहितो. इथपर्यंत बोधकथेच्या रीतीप्रमाणे चालले आहे. पण त्यानंतर कवी म्हणतो, की मी त्या वाटेने जात होतो, सहज खाली नजर गेली आणि मेंढी विलाप करताना ऐकू आली. कथा संपून अर्थ सांगणे चालू असताना कथेतला प्राणी पुन्हा जिवंत होऊन बोलू लागतो. थंडीने कुडकुडत ती आकाशाकडे पाहते आणि देवाला विचारते, की तू इतका वेळ का झोपला आहेस? गरीब नागवला जातो आणि धनी काहीही करो, त्याचा अपराध ठरत नाही. तिच्या शेवटच्या ओळींत ‘आम्ही गरीब माणसे’ असे शब्द येतात, आणि या पृथ्वीवर आमचा छळच होणार असेल तर निदान स्वर्गात तरी विसावा दे, एवढीच मागणी ती करते. ते बोलणे मेंढीचे आहे, रयतेचे आहे की कवीचे, हे वेगळे करता येत नाही. हेन्रिसनने ते मुद्दाम वेगळे ठेवलेले नाही.

लांडगा आणि कोकरू यांच्या गोष्टीतही हेच सूत्र आहे. कोकरू लांडग्याला कायदा सांगते, बायबलचे वचन सांगते, बापाच्या अपराधासाठी मुलाला शिक्षा होत नाही असे समजावते. आणि लांडगा त्याचा गळा फोडतो. बोधात तीन प्रकारचे लांडगे येतात: कायदा पिळणारे, अफाट संपत्ती असूनही शेजाऱ्याची जमीन बळकावणारे धनिक, आणि कुळांना नाडणारे जमीनदार. तिसऱ्या प्रकाराचे वर्णन एखाद्या महसुली तक्रारीसारखे नेमके आहे. मुदतीच्या कराराने जमीन द्यायची, खंड आणि वर नजराणाही आधीच वसूल करायचा, मग अर्धी मुदत संपण्याआधीच कुळाला इतके छळायचे की ते पळून जावे किंवा पुन्हा नजराणा भरावा. त्याचा घोडा आणि गाडी वेठीला धरायची. मठाच्या जमिनींचे दस्त ज्याने हाताळले त्यालाच हे इतक्या बारकाव्याने लिहिता येते.

याचा अर्थ संग्रह सतत काळवंडलेला आहे, असा मात्र नाही. कोल्हा साधू झालेल्या लांडग्यापुढे पापांची कबुली देतो, ईस्टरपर्यंत मांस न खाण्याचे प्रायश्चित्त घेतो, मासे धरायला जातो, लाटा पाहून घाबरतो आणि शेवटी एक करडू पळवून आणतो. ते पाण्यात बुडवून तो म्हणतो, ‘करडूराव, खाली जा, आणि सामन मासा होऊन वर या!’ पोटभर खाऊन उन्हात पोट चोळत पडल्यावर तो म्हणतो, की या पोटात आता एक बाण शोभून दिसेल. तो बाण करडाच्या मालकाकडून लगेच येतोही. कोंबडा आणि कोल्हा, कोल्हा आणि मासळीवाला या गोष्टींतही अशीच गंमत आहे.

‘पाकोळीचा उपदेश’ ही मला स्वतःला सर्वांत प्रिय असलेली बोधकथा. तिची सुरुवात देवाच्या शहाणपणाच्या आणि ऋतुचक्राच्या शांत वर्णनाने होते. मग कवी शेत पाहायला बाहेर पडतो. पाकोळी इतर पक्ष्यांना सांगते, की पारध्याने पेरलेले जवसाचे बी आताच खाऊन टाका. पक्षी हसतात. जून येतो, रोपे वाढतात, ती पुन्हा सांगते, ते पुन्हा हसतात. त्यानंतर एका कडव्यात जवसापासून जाळे कसे तयार होते ते येते: पारधी पीक उपटतो, बोंडे ओरबाडून काढतो, जुड्या बांधून ओढ्यात भिजत घालतो, वाळवतो, मोगरीने कुटतो, झोडून काड्या वेगळ्या करतो, घरात फणीने विंचरतो, बायको सूत कातते आणि पीळ देते, त्याची जाळी होतात. सात ओळींत एका ग्रामीण उद्योगाची सगळी प्रक्रिया क्रियापदांच्या जोरावर उभी राहते. पुढच्या काळात डनफर्मलिन लिननच्या कापडासाठी प्रसिद्ध झाले, हे इथे सहज आठवते. ती क्रियापदे नुसती माहिती देत नाहीत. प्रत्येक क्रियेबरोबर मरण एक पाऊल जवळ येते आणि पक्ष्यांना त्याचा पत्ता नसतो. हिवाळ्यात उपाशी पक्षी भुशावर उतरतात आणि जाळ्यात सापडतात. पारधी काहींना काठीने लोळवतो, काहींची मुंडी मोडतो, काहींना अर्धमेले असतानाच पिशवीत कोंबतो. पंचतंत्रातही झाडाला वेल चढू लागताच धोका ओळखणारा वृद्ध हंस आहे. तिथे हंस शेवटी त्याच्या युक्तीने सुटतात. हेन्रिसनच्या गोष्टीत कोणीही सुटत नाही, आणि पाकोळी उडून जाते ती कवीला पुन्हा दिसत नाही.

संग्रहाच्या मध्यभागी, सिंह आणि उंदीर यांच्या गोष्टीच्या आधी, कवीला स्वप्नात स्वतः इसाप भेटतो. परंपरेने इसापाला कुरूप गुलाम मानले. हेन्रिसनचा इसाप मात्र त्याने पाहिलेला सर्वांत देखणा पुरुष आहे. दुधासारखा पांढरा झगा, किरमिजी टोपडे, हातात कागदाची गुंडाळी, कानामागे हंसाच्या पिसाची लेखणी, कमरेला दौत आणि सोनेरी कलमदान. तो सांगतो, की माझा जन्म रोमचा आणि मी तिथे दिवाणी कायदा शिकलो. हा सगळा सरंजाम एका नोटरीचा आहे; कवीने आपल्या गुरूला आपल्याच व्यवसायाचा पोशाख दिला आहे. पण कवी गोष्ट सांगण्याची विनंती करतो तेव्हा इसाप खिन्न होऊन विचारतो, की जिथे पवित्र प्रवचनाचा उपयोग होत नाही, तिथे रचलेल्या गोष्टीचा काय उपयोग? हा प्रश्न हेन्रिसनने आपल्या संग्रहाच्या ऐन मध्यावर ठेवला आणि त्याला सोपे उत्तर दिले नाही.

बोध आणि गोष्ट यांत अंतर पडते, ही तक्रार विद्यार्थी नेहमी करतात. पहिल्याच गोष्टीत कोंबड्याला उकिरड्यावर रत्न सापडते. तो समजूतदारपणे म्हणतो, की हे माझ्या कामाचे नाही, मला दाणा हवा. आपल्याला त्याचे म्हणणे पटते. मग बोध सांगतो, की रत्न म्हणजे ज्ञान आणि कोंबडा मूर्ख आहे. वाचक आपण कोंबड्याच्या बाजूने मान डोलावली म्हणून खजील होतो. पहिल्याच धड्यात वर्गाला असे गाफील धरणे हे मुरलेल्या शिक्षकाचे काम आहे. पुढच्या बारा गोष्टी वाचक सावध होऊन वाचतो.

आता ‘द टेस्टमेंट ऑफ क्रेसिड’ (क्रेसिडचे मृत्युपत्र) हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध दीर्घकाव्य. चॉसरने १३८० च्या दशकात ट्रॉयलस आणि क्रिसेड (हेन्रिसनची क्रेसिड) यांची प्रेमकथा लिहिली. ट्रॉयचा राजपुत्र ट्रॉयलस तिच्यावर प्रेम करतो, तिला ग्रीकांच्या छावणीत पाठवले जाते, तिथे ती डायोमीड या योद्ध्याची होते, आणि शेवटी ट्रॉयलस लढाईत मरतो. क्रिसेडचे पुढे काय झाले ते चॉसर सांगत नाही. हेन्रिसनच्या ६१६ ओळींच्या कवितेत एक म्हातारा निवेदक गारठलेल्या रात्री विस्तव पेटवतो, काहीतरी प्यायला घेतो आणि चॉसरचे पुस्तक वाचतो. मग तो दुसरे पुस्तक काढतो आणि म्हणतो, की चॉसरने लिहिले ते सगळे खरेच होते, हे कोणाला माहीत? ज्या गुरूचा त्याने आदराने उल्लेख केला, त्याच्याच कथेपुढे तो प्रश्नचिन्ह लावतो, आणि ट्रॉयलस जिवंत असतानाची एक नवी कथा सांगू लागतो.

डायोमीडने टाकलेली क्रेसिड बापाकडे परत येते. देवळात ती प्रेमदेवता व्हीनस आणि तिचा पुत्र क्युपिड यांना दोष देते. तिला स्वप्न पडते आणि त्यात सात ग्रहदेवता न्यायालय भरवतात. सर्वांत आधी शनी येतो. त्याच्या केसांतून भाल्याएवढे लांब बर्फाचे सुळके लोंबत आहेत. देवनिंदेचा आरोप ठेवला जातो. सर्वांत वरचा ग्रह शनी आणि सर्वांत खालचा चंद्र यांच्यावर शिक्षेचे काम सोपवले जाते. शिक्षा ठरते कुष्ठरोगाची: डोळ्यांत रक्त उतरेल, गोड आवाज घोगरा होईल, त्वचेवर काळे डाग आणि चेहऱ्यावर गाठी येतील. निकाल सुनावला जात असतानाच निवेदकाला राहवत नाही. ‘क्रूर शनी, तुझा निवाडा कठोर आहे, आणि त्यात द्वेष आहे,’ असे तो मध्येच म्हणतो. मेंढीच्या विलापाशी थांबलेला वाटसरू आणि शनीला बोलणारा हा म्हातारा, यांचा आवाज मला एकच वाटतो.

यानंतरचा प्रसंग फार लहान आहे, पण हेन्रिसनची प्रतिभा त्यात एकवटली आहे. क्रेसिड जागी होते, आरसा घेते, आपला चेहरा पाहते. ती रडत असतानाच जेवायला बोलवायला एक मूल येते. ते निरोप सांगते: बाबांनी लवकर बोलावलंय, इतका वेळ पालथ्या पडून प्रार्थना करताय याचं त्यांना नवल वाटतंय, तुमच्या मनातलं सगळं देवांना ठाऊकच आहे. मुलाला काहीच माहीत नाही. घरात रोजच्यासारखे जेवण वाढले आहे. देवांच्या न्यायालयाची भव्यता आणि त्यानंतरचे हे घरगुती वाक्य यांच्यामध्ये तिचे सगळे आयुष्य कोसळलेले आहे.

बाप तिला गुप्त दाराने गावाबाहेरच्या कुष्ठालयात नेतो. तिच्या हाती भिक्षेचा वाडगा आणि लाकडी खुळखुळा येतो. कवी हे कल्पनेने रचत नव्हता. स्कॉटलंडच्या संसदेने १४२८ सालीच कुष्ठरोग्यांनी नगरात कधी यावे आणि कुठे भीक मागावी यावर निर्बंध घातले होते. एके दिवशी ट्रॉयलस विजय मिळवून घोड्यावरून जात असतो. रस्त्याकडेला बसलेले कुष्ठरोगी दान मागतात. क्रेसिडचे डोळे अधू झालेले, ती त्याला ओळखत नाही. त्यालाही ती ओळखू येत नाही, पण तो चेहरा पाहून त्याला आपल्या क्रेसिडची आठवण येते. नेमक्या याच क्षणी कवी थांबून, मनात खोल उमटलेली प्रतिमा बाहेरच्या इंद्रियांना कशी फसवते, याचे ॲरिस्टॉटलच्या धर्तीचे स्पष्टीकरण देतो. काहींना हे पांडित्य खटकते. मला ते अत्यंत योग्य वाटते, कारण भावना अनावर होऊ न देता ती तितक्याच जोराने पोहोचवण्याचा हा मार्ग आहे. ट्रॉयलस सोन्याने भरलेली थैली तिच्या पदरात टाकतो आणि एक शब्दही न बोलता निघून जातो. तो कोण होता हे दुसऱ्या रोग्याकडून कळल्यावर तिचा आवाज बदलतो. आजवर ती देवांना आणि नशिबाला दोष देत होती. आता ती म्हणते, की मी स्वतःखेरीज कोणालाही दोष देणार नाही. देवांच्या न्यायालयाला जे साधले नाही ते न मागता मिळालेल्या दानाने साधले. ती मृत्युपत्र लिहिते: शरीर किड्यांना, वाडगा, खुळखुळा आणि सोने रोग्यांना, ट्रॉयलसने दिलेली माणकाची अंगठी ट्रॉयलसला. तिच्या थडग्यावर तीन ओळी कोरल्या जातात, आणि निवेदक म्हणतो, की ती मेली आहे, तेव्हा मी तिच्याविषयी आणखी काही बोलत नाही. ही कविता स्त्रीला दिलेली शिक्षा म्हणून वाचणारे अभ्यासक आहेत. त्यांचा मुद्दा दुर्लक्षण्यासारखा नाही, कारण शेवटी कवी स्त्रियांना उद्देशून इशारा देतोच. पण शनीला ‘तुझ्या निवाड्यात द्वेष आहे’ असे म्हणणारी ओळ त्याच कवितेत आहे आणि माझ्या दृष्टीने तिचे वजन अधिक आहे.

चॉसरच्या अनुयायित्वाचा प्रश्न बराचसा पुस्तकांच्या इतिहासातून निर्माण झाला. १५३२ साली विल्यम थिनने संपादित केलेले चॉसरचे समग्र साहित्य लंडनमध्ये निघाले, तेव्हा हेन्रिसनची ही कविता चॉसरच्या काव्याला जोडूनच छापली गेली. त्यामुळे अनेक पिढ्यांनी ती चॉसरचीच समजून वाचली. शेक्सपिअरच्या नाटकांत क्रेसिडाचा भिकारीण आणि कुष्ठरोगी म्हणून उल्लेख येतो; तो चॉसरकडून नव्हे, हेन्रिसनकडून आलेला आहे. ‘स्कॉटिश चॉसरपंथी’ ही संज्ञा आता बहुतेक अभ्यासकांनी सोडून दिली आहे, आणि ते योग्य झाले. कडव्याचा बंध आणि कथेचा धागा त्याने चॉसरकडून घेतला. आवाज, कायदा, गाव आणि थंडी त्याची स्वतःची आहे.

उरलेल्या कवितांपैकी ‘ऑर्फियस अँड युरिडिसी’ ही रोमन तत्त्वज्ञ बोएथियस याने सांगितलेल्या कथेवर आधारलेली विद्वत्तापूर्ण रचना आहे. ग्रहांच्या संगीताविषयीचा तिचा भाग जड वाटतो, पण पत्नी हरवल्यावरचा ऑर्फियस या ग्रीक पुराणातल्या गायकाचा विलाप सुंदर आहे. ‘रोबिन अँड मॅकिन’ हा मेंढपाळ आणि त्याच्यावर प्रेम करणारी मुलगी यांच्यातला खेळकर संवाद आहे. ती विनवते तेव्हा तो मेंढ्यांत गुंतलेला असतो, आणि तो भानावर येतो तेव्हा तिचे मन उतरलेले असते.

ही रचना आपल्यापर्यंत पोहोचली ती काही लोकांच्या मेहनतीमुळे. चेपमन आणि मायलर या स्कॉटलंडच्या पहिल्या मुद्रकांनी १५०८ च्या सुमारास ‘ऑर्फियस’ छापले. १५६८ साली एडिनबरामध्ये प्लेगची साथ असताना जॉर्ज बॅनटाइन या व्यापाऱ्याने जुन्या स्कॉटिश कवितांचे प्रचंड हस्तलिखित तयार केले, त्यात हेन्रिसनच्या दहा बोधकथा आणि ‘रोबिन अँड मॅकिन’ आहे. संपूर्ण बोधकथांची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी छापील आवृत्ती १५७० सालची, म्हणजे कवीच्या मृत्यूनंतर साठ-सत्तर वर्षांची आहे.

वाचायला सुरुवात करायची तर दोन उंदरिणींपासून करावी, मग पाकोळी, मग मेंढी आणि कुत्रा, आणि त्यानंतर क्रेसिड. आयरिश कवी शेमस हीनी यांनी क्रेसिडची कविता आणि सात बोधकथा आधुनिक इंग्रजीत आणल्या आहेत, आणि ते भाषांतर २००९ साली प्रसिद्ध झाले. ते शेजारी ठेवून मूळ स्कॉट्स मोठ्याने वाचावे. स्पेलिंग डोळ्यांना परके वाटते, परंतु उच्चार केला की निम्मे शब्द आपोआप ओळखू येतात. क्यू-यू-एच ही तीन अक्षरे दिसली तिथे इंग्रजीतल्या ‘व्हॉट’, ‘व्हेन’ यांचा आरंभीचा ध्वनी समजावा, तर बरीचशी प्रश्नार्थक सर्वनामे लगेच उलगडतात. बोध गाळून केवळ गोष्टी वाचण्याचा मोह होतो, तो टाळावा, कारण मेंढी आपले सर्वांत महत्त्वाचे बोलणे बोधाच्या भागातच बोलते.